आतड्यावर संशोधन करायचं म्हणतेस, तर

प्रिय डॉक्टर,

इंटर्नशिप संपायला अजून अवकाश आहे, पण गावातले लोक आत्तापासून तुला डॉक्टर म्हणत असतील, तर मीही म्हणते.

तुझं पत्र सावकाश वाचलं. शेवटी दोन प्रश्न आहेत: एमडी करू की पीएचडी, आणि आतड्यातल्या स्टेम सेल्स (म्हणजे बाकीच्या पेशींना जन्म देणाऱ्या मूलपेशी) व कॅन्सरवर काम करायचं तर लॅब कोणती? दोन्हींबद्दल लिहिते. पण पत्राच्या मधोमध एक परिच्छेद आहे, जो तू घाईघाईत उरकलास. माझं लक्ष तिथंच अडकलं.

सर्जरीच्या पोस्टिंगमध्ये तिशीतला एक रुग्ण होता. शौचातून रक्त जायचं, ते मूळव्याध समजून कित्येक महिने मलमं आणि चूर्णं चालली. शेवटी कुणाला तरी बोट घालून तपासायचं सुचलं तेव्हा गाठ लागली. केमो सुरू झाल्यावर त्याला जुलाब लागले, तोंड आलं, सलाईन लावावं लागलं, आणि आठवड्या-दीड आठवड्यात सगळं आपसूक ओसरलं. ‘असं का होतं ते कुणी सांगितलं नाही,’ एवढं लिहून तू थेट नीट-पीजीच्या काळजीकडे वळलीस.

मी तुझ्या जागी असते तर वळले नसते. केमोची औषधं भराभर विभागणाऱ्या पेशींवर घाव घालतात, हे तुला तोंडपाठ आहे. लहान आतड्याचं अस्तर तीन ते पाच दिवसांत जवळजवळ पूर्ण बदलतं, म्हणून मार तिथं लवकर बसतो, हेही कळण्यासारखं आहे. पण मग ते अस्तर परत कुठून आलं? विभागणाऱ्या पेशी मेल्या असतील तर नव्या कुणी केल्या? कुणीतरी वाचलं असणार. ते कोण, कुठं बसलेलं, आणि एवढ्या माऱ्यातून कसं वाचलं? आणि ज्याला असं अखंड वाढता येतं, त्याच्यातच बिघाड झाला तर? तुझ्या रुग्णाची गाठ आणि त्याचे थांबलेले जुलाब हे एकाच प्रश्नाचे दोन भाग आहेत. या प्रश्नावर माणसांनी आयुष्यं घातली आहेत आणि तो अजून पुरता सुटलेला नाही. तुला लॅब शोधायची आहे, पण मला वाटतं प्रश्न तुला वॉर्डातच सापडलाय.

थोडा इतिहास सांगते. कंटाळू नकोस, त्यात नोकरीचा सल्लाच आहे.

1948 मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात शार्ल लब्लाँ आणि स्टीव्हन्स यांनी दाखवलं की पांढऱ्या उंदरांच्या आतड्याचं अस्तर सतत नवं होत असतं. खालच्या खळग्यांत, म्हणजे क्रिप्टमध्ये, पेशी जन्मतात, वर सरकत व्हिलसच्या, म्हणजे अस्तराच्या बोटासारख्या उंचवट्याच्या, टोकाशी पोचतात आणि गळून पडतात. पुढे 1974 मध्ये लब्लाँ यांची विद्यार्थिनी हेझल चेंग आणि स्वतः लब्लाँ यांनी लेखांची एक मालिका छापली. त्यातला एक प्रयोग मी दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांना सांगते. त्यांनी उंदरांना ट्रिटियम (किरणोत्सर्गी हायड्रोजन) लावलेलं थायमिडीन, म्हणजे डीएनएचा एक घटक, टोचलं. किरणोत्सर्गामुळे क्रिप्टच्या तळाशी काही पेशी मेल्या, आणि त्यांचे अवशेष शेजारच्या सडपातळ पेशींनी गिळले. गिळलेला किरणोत्सर्गी डाग त्या सडपातळ पेशीच्या पोटात मायक्रोस्कोपखाली दिसायचा. काही काळानं तसेच डाग वरच्या बाजूला, शोषण करणाऱ्या पेशींत, श्लेष्मा बनवणाऱ्या गॉब्लेट पेशींत, हार्मोन सोडणाऱ्या पेशींत दिसू लागले. म्हणजे ती सडपातळ पेशी पोटातल्या खुणेसकट मोठी होऊन वेगवेगळ्या रूपांत निघाली होती. कुठला जीन नाही, कुठलं चमकणारं प्रथिन नाही. मेलेल्या शेजाऱ्याचा डाग हीच खूण!

त्यांनी निष्कर्ष काढला की क्रिप्टच्या तळाची ही पेशीच सगळ्यांची आई. बहुतेकांना तो पटला नाही. मँचेस्टरला ख्रिस्तोफर पॉटन यांनी दुसऱ्या जागेकडे बोट दाखवलं: तळापासून चौथ्या स्थानाच्या आसपासची, किरणांचा थोडा डोस मिळाला तरी मरून जाणारी पेशी. त्यांचंही निरीक्षण खरं होतं. पुढची तीन दशकं हा वाद चालला, कारण दोन्ही बाजूंकडे निर्णायक हत्यार नव्हतं. एखादी जिवंत पेशी नेमकी ओळखून तिच्या लेकरांचा माग काढायची सोयच नव्हती.

ते हत्यार 2007 मध्ये आलं, नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या हुब्रेख्त संस्थेतून. हान्स क्लेव्हर्स यांच्या लॅबमधल्या निक बार्कर आणि सहकाऱ्यांनी एलजीआर5 हा जीन त्या सडपातळ पेशींत चालू असतो हे दाखवलं, आणि असा उंदीर बनवला की टॅमॉक्सिफेन हे औषध दिलं की त्या पेशी व त्यांची सगळी संतती निळी दिसावी. तळापासून व्हिलसच्या टोकापर्यंत अखंड निळे पट्टे उमटले आणि दोन महिन्यांनीही तसेच राहिले. चेंग यांची पेशी हीच होती. लब्लाँ त्याच वर्षी एप्रिलमध्ये वारले होते. लेख ऑक्टोबरमध्ये आला.

आता सल्ल्याकडे येते. क्लेव्हर्स आतड्याचे माणूस नव्हतेच. त्यांनी उट्रेख्टमध्ये जीवशास्त्र आणि वैद्यक दोन्ही शिकून पुढे बॉस्टनला टी पेशींवर, म्हणजे प्रतिकारशक्तीवर काम केलं. 1991 मध्ये त्यांच्या गटानं टीसीएफ1 नावाचं प्रथिन शोधलं, तेही टी पेशींत. मग कळलं की या कुटुंबातली प्रथिनं पेशींना विभागायला सांगणाऱ्या विंट या संदेशमार्गाच्या शेवटच्या टोकाला बसतात. 1997 मध्ये, बर्ट व्होगेलस्टाइन आणि केनेथ किन्झलर यांच्या गटाबरोबर, दिसून आलं की एपीसी जीन बिघडलेल्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये हाच मार्ग कायम चालू राहतो. पुढच्या वर्षी त्याच कुटुंबातलं टीसीएफ4 नसलेले उंदीर केले, तर पिल्लं जन्मानंतर लगेच दगावली; त्यांच्या लहान आतड्यात विभागणाऱ्या पेशींचा कप्पाच तयार झाला नव्हता. एकच मार्ग: बंद केला तर आतडं नवं होत नाही, उघडा राहिला तर कॅन्सर होतो. इतका स्वच्छ निकाल हातात आल्यावर ‘मी इम्युनॉलॉजीवाला’ म्हणत बसण्यात अर्थ नव्हता. ते निकालाच्या मागे गेले.

म्हणून ‘मला स्टेम सेल्समध्येच करिअर करायचंय’ या तुझ्या वाक्याला मी जरा बिचकते. विषयाचं नाव पकडून ठेवू नकोस, प्रश्न पकड. अस्तर परत कुठून येतं, हा प्रश्न तुला उद्या रेडिएशन घेतलेल्या रुग्णांकडे नेईल, परवा आतड्यातल्या जिवाणूंकडे, किंवा गणिताकडे. गणिताचं उगाच म्हणत नाही. एका क्रिप्टमध्ये उंदरात एलजीआर5वाल्या चौदा-पंधरा पेशी असतात, दिवसातून साधारण एकदा विभागतात, आणि जागा मात्र तेवढीच. मग उरतं कोण? 2010 मध्ये उट्रेख्टच्या आणि केंब्रिजच्या गटांनी, भौतिकशास्त्रज्ञ बेन सायमन्स यांच्या गणिताच्या मदतीनं, दाखवलं की ही संगीत खुर्ची आहे. कोण राहणार ते बरंचसं नशिबावर ठरतं, आणि काही महिन्यांत अख्खं क्रिप्ट एकाच पेशीच्या वंशजांचं होतं. नंतर असंही दिसलं की एपीसी बिघडलेली पेशीसुद्धा दर वेळी जिंकत नाही. तिचं पारडं जड असतं इतकंच, आणि कित्येकदा ती मुकाट बाहेर ढकलली जाते. तुझ्या-माझ्या आतड्यात आत्ता किती गाठी अशा सुरू व्हायच्या आधीच संपत असतील! हे कुठल्याही स्लाइडवर दिसलं नसतं. बारावीनंतर गणित सुटलं म्हणून खांदे उडवू नकोस, पुन्हा धर.

आणि स्लाइड. मी पॅथॉलॉजीवाली, त्यामुळे माझा हट्ट सहन कर. लहान आतड्याची साधी एच-अँड-ई (नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगाची) स्लाइड घे, चाळीसचं लेन्स लाव आणि क्रिप्टच्या तळाशी जा. भडक गुलाबी दाण्यांनी भरलेल्या पॅनेथ पेशी लगेच दिसतील. त्यांच्या मधोमध दाबून बसवलेलं, वरच्या बाजूला निमुळतं होत गेलेलं एखादं बारीक केंद्रक दिसेल. तीच ती. जगभरातल्या पॅथॉलॉजिस्टांनी ती रोज पाहिली आणि पुढची स्लाइड लावली. पॅनेथ पेशींना आम्ही कित्येक वर्षं फक्त जंतू मारणाऱ्या पेशी समजत होतो; 2011 मध्ये कळलं की शेजारच्या मूलपेशीला विंट, ईजीएफ आणि नॉच मार्गाचे संदेश पुरवून जगवण्याचं कामही त्या करतात. वर्षानुवर्षं एकमेकींना खेटून बसलेल्या त्या दोघी डोळ्यांसमोर होत्या. तेव्हा कुठल्याही लॅबमध्ये जायच्या आधी महिनाभर रोज अर्धा तास ऊतक बघायची सवय लाव. हातानं चित्र काढ. मोबाइलवर फोटो काढलेला चालणार नाही, फोटो काढला की आपण बघणं थांबवतो.

ऑर्गनॉइडबद्दल, म्हणजे लॅबच्या ताटलीत वाढवलेल्या चिमुकल्या अवयवाबद्दल, तू फार उत्साहानं लिहिलंयस. उत्साह योग्यच आहे, पण त्यामागची गोष्ट माहीत असू दे. 2009 पर्यंत निरोगी आतड्याचं अस्तर लॅबमध्ये दीर्घकाळ वाढवता येत नव्हतं. लोक काको-2 सारख्या कॅन्सरच्या पेशींवर काम भागवायचे आणि निष्कर्ष मात्र निरोगी आतड्याबद्दल काढायचे. मग जपानहून आलेले गॅस्ट्रोएंटरॉलॉजिस्ट तोशिरो सातो क्लेव्हर्स यांच्या लॅबमध्ये दाखल झाले. त्यांनी कुठला नवा रेणू शोधला नाही. कुणी दाखवलं होतं की आर-स्पॉन्डिन या प्रथिनानं उंदराचं आतडं फोफावतं. कुणी ईजीएफ या प्रथिनाचं, कुणी नॉगिनचं काम दाखवलं होतं. अस्तराच्या पेशी आधारापासून सुटल्या की मरतात हे सर्वांना ठाऊक होतं. सातोंनी हे सगळं एका ताटलीत आणलं: जेलचा आधार, तीन घटकांचं माध्यम, सुरुवातीच्या मृत्यूला अटकाव करणारं एक रसायन. आणि एकाच एलजीआर5 पेशीतून कोंब फुटलेलं छोटं आतडं उभं राहिलं. ऊतकाला काय लागतं याची जाण असलेला डॉक्टर लॅबमध्ये काय करू शकतो, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही.

हाताचं काम कसं असतं, याची थोडी कल्पना देते. उंदराचं लहान आतडं काढून उभं चिरायचं, बर्फगार बफरनं धुवायचं. काचेच्या कव्हरस्लिपनं व्हिलाय (व्हिलसचं अनेकवचन) हलक्या हातानं खरवडून टाकायचे. जोर लावला तर क्रिप्टही जातात, कमी लावला तर पुढे सगळ्या नमुन्यात व्हिलायचे तुकडे तरंगतात. मग बारीक तुकडे करून थंड ईडीटीएमध्ये ठेवायचे, म्हणजे पेशींची पकड सुटते. हलवून द्रव बदलत राहायचं, आणि प्रत्येक वेळी एक थेंब मायक्रोस्कोपखाली बघायचा: आधी व्हिलाय येतात, मग अचानक एका फेरीत छोटी छोटी बोथट क्रिप्ट दिसू लागतात. तीच फेरी धरायची. आधाराचा जेल, मॅट्रिजेल, थंडीत पातळ आणि उबेत घट्ट, म्हणून पिपेटची टोकंसुद्धा फ्रीजमध्ये गार केलेली हवीत, आणि बुडबुडा एकही नको. पहिल्या दिवशी नुसता गोल फुगा दिसतो. दोन-तीन दिवसांनी त्याला एका बाजूनं कोंब येतो, आणि त्या कोंबाच्या टोकाशी गडद दाण्यांच्या पॅनेथ पेशी. पहिल्यांदा बघशील तेव्हा लॅबमधल्या सगळ्यांना हाका मारशील. मारायच्याच असतात.

पण तिथंच गंमतही संपते. आज ऑर्गनॉइड करता येणारी माणसं गल्लोगल्ली आहेत. ते का करायचे हे सांगू शकणारी थोडी. मुलाखतीला येणारी मुलं मला दहा तंत्रांची नावं सांगतात. ‘या प्रयोगाचा निकाल उलटा आला तर तू काय मानशील?’ असं विचारलं की शांतता. तंत्र दोन वर्षांत जुनं होतं. तेवढ्यावर पाच वर्षांची पीएचडी बांधू नये.

आकड्यांबद्दल एकच गोष्ट सांगते, पण ती कान देऊन ऐक. तीन उंदीर घेतले आणि प्रत्येकाची पन्नास क्रिप्ट मोजली, तर तुझ्याकडे दीडशे नमुने झाले नाहीत, तीनच झाले. एका उंदराची सगळी क्रिप्ट एकाच उंदराची. हे विसरून छापलेले लेख ढिगानं सापडतील, कारण दीडशे धरले की सगळंच ‘महत्त्वपूर्ण’ ठरतं. आणि मोजणाऱ्याला कुठला उंदीर कुठल्या गटातला हे माहीत नसावं. स्लाइडच्या लेबलवर कागदाची पट्टी चिकटवायला पाच मिनिटं लागतात. ज्या लॅबमध्ये ही पट्टी लावायला सांगितलं की लोक हसतात, त्या लॅबमध्ये राहू नकोस.

वादाचं काय झालं, हे तू विचारलं नाहीस, पण सांगते. या क्षेत्रात वादाशिवाय दिवस जात नाही. पॉटन चुकले, चेंग बरोबर ठरल्या, असं सरळ झालं नाही. 2011 मध्ये फ्रेड द सॉवाज यांच्या जेनेन्टेकमधल्या गटानं उंदरातल्या एलजीआर5 पेशी मारून टाकल्या, तरी आतडं चालू राहिलं. दुसऱ्या पेशींनी मागे वळून त्यांची जागा भरली. उट्रेख्टच्याच गटानं 2012 मध्ये दाखवलं की स्रावी पेशी होण्याच्या वाटेवर निघालेली पेशीसुद्धा किरणांचा मारा झाला की परत मूलपेशी होऊ शकते. तुझ्या रुग्णाचे जुलाब का थांबले, याचं उत्तर बहुधा या मागे वळण्यात आहे. म्हणजे मूलपेशी हा जन्माचा शिक्का असण्यापेक्षा जागेवर मिळणारं काम आहे, असं मला तरी वाटतं. माझ्या मताला विरोध करणारे सहकारी आहेत आणि त्यांच्याबरोबर मी अजून चहा पिते. वादात कुणाच्या बाजूनं उभं राहायचं हे गुरू बघून ठरवू नकोस. समोरच्याचं निरीक्षण आणि त्याचा निष्कर्ष वेगळे करायला शीक. निरीक्षण सहसा टिकतं.

कॅन्सरच्या बाबतीतही तसंच. 2009 मध्ये बार्कर यांनी दाखवलं की एलजीआर5 पेशीत एपीसी काढून टाकला तर काही आठवड्यांत ॲडिनोमा (कॅन्सरच्या आधीच्या गाठी) उभे राहतात, आणि तेच वर सरकणाऱ्या, तात्पुरत्या विभागणाऱ्या पेशींत काढला तर वाढ बहुतेक छोट्याशा ठिपक्यापाशी अडते. गाठीचा उगम सापडला, असं वाटावं. मग 2013 मध्ये जर्मनीतल्या फ्लोरियन ग्रेटन यांच्या गटानं दाखवलं की दाहाचे संकेत जोरात असतील तर मूलपेशी नसलेली पेशीही मागे वळून गाठ सुरू करू शकते. आणि ‘कॅन्सरच्या मूलपेशी मारा, कॅन्सर संपेल’ या आशेचं काय? 2017 मध्ये द सॉवाज यांच्याच गटानं उंदरांच्या गाठींतल्या एलजीआर5 पेशी मारल्या. मूळ गाठ आक्रसली नाही, वाढ थांबून राहिली आणि मारणं थांबवताच पुन्हा जोमानं वाढली. यकृतात पसरलेल्या गाठींना मात्र त्या पेशींची खरी गरज दिसली. त्याच सुमारास जपानला परतलेल्या सातोंच्या लॅबनं माणसाच्या कॅन्सरच्या ऑर्गनॉइडमध्ये जवळपास हेच पाहिलं. तुझ्या पत्रात ‘मूलपेशींवर औषध शोधून कॅन्सर बरा करायचा’ असं आहे. शोध, पण हे दोन लेख आधी वाच. मग तुझं ते वाक्य आपोआप लांब होईल.

उंदरावर किती विसंबायचं याचंही भान ठेव. एपीसीमध्ये बिघाड असलेला ‘मिन’ उंदीर 1990 मध्ये विस्कॉन्सिनमध्ये सापडला. रक्तक्षय झालेला दिसला म्हणून कुणीतरी त्याच्याकडे लक्ष दिलं. या क्षेत्राचं अर्धं ज्ञान त्याच्या वंशजांवर उभं आहे. पण त्याच्या गाठी बहुतांशी लहान आतड्यात येतात, आणि एपीसीचाच बिघाड जन्मतः असलेल्या माणसांत शेकडो-हजारो पोलिप मोठ्या आतड्यात. असं का, हे नीट कळलेलं नाही. इथं तुझ्यासारख्या डॉक्टरची गरज आहे, कारण उंदराच्या लॅबमध्ये वाढलेल्या माणसाला हा फरक तळटीप वाटतो.

आता तुझे दोन प्रश्न.

एमडी की पीएचडी? तुझा कल बघता, आधी एमडी पॅथॉलॉजी कर आणि मग पीएचडी. घरच्यांना बरं वाटावं म्हणून हे सांगत नाहीये, जरी त्यांना बरं वाटेल. ग्रॉसिंगच्या टेबलावर, म्हणजे ऑपरेशनमधून आलेला भाग चिरून बघतात तिथं, कापलेलं आतडं रोज हातात घेतल्याशिवाय गाठ म्हणजे काय ते कळत नाही, आणि हे शिकायला नंतर वेळ मिळत नाही. उलट पीएचडी तिशीत सुरू केलेली चालते. अडचण पैशाची आहे, ती लपवत नाही. पीएचडी करताना मिळणाऱ्या जेआरएफ या फेलोशिपची रक्कम 2023 पासून महिना 37,000 रुपये आहे, वर घरभाडं, आणि तीही कधी कधी चार-चार महिने अडकते. त्या वयात तुझ्या बॅचच्या मैत्रिणींनी स्वतःची लॅब किंवा सोनोग्राफी सेंटर टाकलेलं असेल, आणि दिवाळीत घरी कुणीतरी हमखास विचारेल, ‘अजून शिकतेच आहेस का?’ याला माझ्याकडे उत्तर नाही. मी हसून चकली घ्यायचे. डॉक्टरांना संशोधनासाठी फेलोशिप देणाऱ्या योजना आहेत, आयसीएमआरच्या आहेत, डीबीटी आणि वेलकम ट्रस्टच्या इंडिया अलायन्सच्या राहिल्या आहेत. अर्ज करायच्या वर्षी त्यांचे चालू नियम स्वतः वाच, कुणाच्या सांगण्यावर जाऊ नकोस.

लॅब कोणती? नाव सांगणार नाही. कशी बघायची ते सांगते. तिथून गेल्या काही वर्षांत बाहेर पडलेली मुलं आज कुठं आहेत ते शोध, आणि त्यातल्या दोघांशी फोनवर बोल. ईमेलवर कुणी खरं लिहीत नाही. विचार: प्रयोग फसला तेव्हा सर किंवा मॅडम काय म्हणाल्या? आठवड्यातून किती वेळ भेटतात? पहिलं नाव कुणाचं लागायचं यावर भांडण झालं तर ते कसं मिटलं? मुख्य संशोधकाला त्यांच्या सर्वांत गाजलेल्या लेखातल्या एखाद्या चित्रामागचे मूळ फोटो बघायला माग. आनंदानं दाखवले तर चांगलं लक्षण. उट्रेख्ट-केंब्रिजच हवं असं काही नाही. बेंगळुरू आणि पुण्यात स्टेम सेलवर चांगलं काम होतं, आणि आपल्या नवी मुंबईत, खारघरला, टाटा मेमोरियल सेंटरचं ॲक्ट्रेक हे कॅन्सर संशोधन केंद्र आहे, जिथं रुग्ण आणि प्रयोगशाळा एकाच छत्राखाली आहेत. आपल्याकडे आतड्याच्या कॅन्सरचं एकूण प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी, पण टाटाच्या डॉक्टरांनी छापलेल्या नोंदींत रुग्ण पुष्कळ तरुण दिसतात आणि सिग्नेट रिंग या आक्रमक प्रकाराचा वाटा तिकडच्यापेक्षा मोठा. तुझा तिशीतला रुग्ण त्यांच्यातलाच. त्यांच्या मूलपेशींत काय वेगळं घडतं, हे उट्रेख्टमध्ये बसून कुणी तुझ्याआधी शोधण्याची शक्यता कमी.

ॲक्ट्रेकचं मूळ ज्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये आहे, तिथं पुण्याच्या कमल रणदिवे यांनी देशातली पहिली ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. त्या आधी बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गाय यांच्याकडे शिकून आल्या होत्या. हे गाय म्हणजे ज्यांच्या लॅबमध्ये 1951 मध्ये हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीतून हेला पेशी वाढल्या, त्यांना न विचारता. हे मुद्दाम सांगते, कारण ऑर्गनॉइडच्या बाबतीत तोच प्रश्न नव्यानं आपल्या दारात आहे. रुग्णाच्या गाठीचा तुकडा तू घेशील, तो फ्रीझरमध्ये वर्षानुवर्षं जिवंत राहील, कदाचित रुग्ण गेल्यावरही. दुसऱ्या देशात जाईल, एखादी कंपनी त्यावर औषधं तपासेल. हे सगळं त्याला सही करण्याआधी कळलं पाहिजे. आपल्याकडे संमतीपत्र बहुतेक वेळा ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी, सलाईन लावलेल्या हातात दिलं जातं. तू लॅबमध्ये गेलीस की ते काम कोऑर्डिनेटरवर सोडू नकोस, स्वतः खुर्ची ओढून बस आणि त्याच्या बायकोलाही बोलाव. प्रश्न सहसा तीच विचारते.

लेख परत येतील. परीक्षक क्रमांक दोन नावाचा प्राणी जगभर सारखाच असतो. तुझ्याआधी कुणीतरी तोच निकाल छापेल आणि तू दोन दिवस जेवणार नाहीस. यावर फार लिहीत नाही, ते ज्याचं त्यालाच निभवावं लागतं.

तूर्त एक काम देते. सीव्ही पाठवू नकोस. तुझ्या कॉलेजच्या पॅथॉलॉजी विभागात जाऊन केमो किंवा रेडिएशन घेतलेल्या रुग्णांच्या गुदाशयाच्या जुन्या स्लाइड बघायची परवानगी विभागप्रमुखांकडून रीतसर घे. गाठीपासून दूरची, निरोगी म्हणून सोडून दिलेली कड बघ. तिथली क्रिप्ट नेहमीसारखी आहेत का? लांबी, फाटे फुटलेत का, तळाशी काय दिसतं? मोठ्या आतड्यात पॅनेथ पेशी सहसा नसतात. तुला दिसल्या तर कुठल्या भागात दिसल्या ते लिहून ठेव, ते महत्त्वाचं आहे. जे दिसेल त्याचं एक पान लिही, हातानं काढलेल्या चित्रासह, आणि शेवटी तुला न कळलेल्या गोष्टी. मराठीत लिहिलंस तरी चालेल. दिवाळीनंतर पाठव, त्याआधी मी परीक्षेच्या वह्यांत बुडालेली असेन.

तुझी,
पॅथॉलॉजीवाली मॅडम